हंय कोण बसता?

माझ्या अक्षराला हसू नका. चौथीनंतर पेन हातात धरलं ते गॅसवाल्याच्या पावतीवर सही करण्यापुरतं. पहिली वेलांटी कुठे आणि दुसरी कुठे हे मला शाळेतही कळत नव्हतं, आता तर विचारूच नका. मुलीच्या बारावीच्या वहीत शेवटी कोरी पानं राहिली होती, त्यांवर लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही असं ठरवलं आहे. तरी कोणाच्या हाती लागलंच, तर चुका सांभाळून घ्या, आणि कागदाला सुंगटांचा, म्हणजे सुक्या कोळंबीचा, वास आला तर तोही.

एका मुलीबद्दल लिहायचं आहे. तिचं नाव लिहीत नाही. तिने माझं काही वाईट केलं नाही, मीच केलं.

ती कोणाच्याही घरात शिरली की आधी भिंत बघायची, माणसं नंतर. भिंतीवर कुठे डाग, कुठे चकाकी, कुठे चुना घासलेला दिसला की तिथे बोट ठेवून आमच्या मालवणीत विचारायची, “हंय कोण बसता?” म्हणजे इथे कोण बसतं. आपण पाहुण्यांपासून जे लपवतो ते ती पहिलं शोधायची. तुमच्याही घरात असे डाग असतील. पाठ टेकायची जागा, हळदीच्या बोटांची चौकट, दिव्याच्या बटणाभोवतीचा काळा गोल. आपल्याला ती घाण वाटते. ती म्हणायची, तो पत्ता आहे.

आमचं घर तारकर्लीला, माडांत. घर भावजींच्या शब्दावर चालतं. भावजी म्हणजे माझे थोरले दीर. शिवाय थोरली जाऊ, सासू, तिला आम्ही आये म्हणतो, आणि मी. माझे यजमान गोव्यात एका हॉटेलात कामाला आहेत, गणपतीला येतात. मुलगी कुडाळला शिकते. आजूबाजूच्या सगळ्यांनी घरात पर्यटक ठेवायला सुरुवात केली, तेव्हा भावजींनीही ठरवलं की आपल्या तीन खोल्या नीट करायच्या. कोणीतरी या मुलीचं नाव सांगितलं. वेंगुर्ल्याच्या बाजारपेठेतली, शिंप्याची मुलगी. घर आतून कसं मांडायचं याचं शिक्षण घेऊन आलेली, अजून फार कामं न मिळालेली, म्हणून पैसे कमी घेणारी. भावजींना तो शेवटचा गुण पसंत पडला.

ती येणार म्हणून भावजी म्हणाले, घर जरा माणसांत आणा. मी मागच्या दाराजवळच्या भिंतीला चुना लावला. ते का, ते पुढे सांगते.

ती स्कूटरवर आली. पायापाशी एक लाकडी पाट ठेवलेला. आम्हाला वाटलं, नमुना दाखवायला आणला असेल. तिने तो पाट पडवीत टाकला आणि त्यावर बसली. तासाभराने उचलून माजघरात टाकला, तिथे बसली. मग स्वयंपाकघराच्या दारात. असं दोन दिवस. वही मांडीवर, पण लिहिणं थोडंच. भावजी विहिरीवर मला आणि जावेला हळूच म्हणाले, “ता चेडू बसाचे पैसे घेता?” चेडू म्हणजे मुलगी.

मला हसू आलं नाही. मला राग आला. बावीस वर्षं झाली मला या घरात येऊन. दुपारी दोन वाजता मी माजघरात नुसती बसले आहे असं कोणी कधी पाहिलेलं नाही. मी बसले तर आळस. ती बसली तर काम, वर त्याचे पैसे आणि दोनदा चहा. आणि तो चहा करणार कोण?

पण तिला दिसायचं खूप, हे कबूल करायला हवं. माजघरापासून मोरीपर्यंत भिंतीवर कमरेच्या उंचीला एक चकचकीत पट्टा होता. मी तो दर दिवाळीला घासून काढायचे, तो पुन्हा यायचा. तिने त्यावरून हात फिरवला आणि थेट आयेपाशी जाऊन बसली. दहा मिनिटांत आयेने तिला सांगून टाकलं की राती उठाक भय वाटता, म्हणून ती भिंत धरून चालते. मी त्याच खोलीच्या बाहेर झोपते. मला आयेने हे कधी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं म्हणा. पण त्या क्षणी मला ते आठवलं नाही. एवढंच कळलं की माझी सासू एका परक्या मुलीचा हात हातात घेऊन बसली आहे आणि तिला “बाये” म्हणते आहे. मला ती “गो” म्हणते. नुसतं “गो”.

त्या पट्ट्याच्या जागी तिने माडाच्या लाकडाची दांडी बसवून घेतली, आयेच्या हाताच्या उंचीची. नवीन लाकूड नाही, वाऱ्याने पडलेल्या आमच्याच माडाचं. नवीन काही आणायचं म्हटलं की ती विचारायची, “घरात काय आसा ता आधी दाखवा.” वेंगुर्ल्याला पाडलेल्या एका घराची दारं तिने आणवली. भावजींना खोल्यांत गुळगुळीत फरशी आणि थंड हवेचं यंत्र हवं होतं. ती भावजींशी शाळेतल्या मराठीत बोलायची. म्हणाली, “काका, चुलीच्या वर भिंतीत झरोका काढूया. गरम हवा वर जाते, तिला वाट नाही.”

भावजींनी दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला.

हेच मी लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी म्हटलं होतं. भाकरी भाजताना धूर कुठे कोंडतो हे मला डोळ्यांनी माहीत होतं. तेव्हा भावजी म्हणाले होते, भिंतीला भोकं पाडली तर उंदीर येतील. आता झरोका झाला, धूर गेला, आणि जाऊ मला कौतुकाने म्हणाली, “शिक्षण ता शिक्षण गो.” मी चुलीत लाकूड सारलं. लिहायला लाज वाटते, पण मला त्या झरोक्यातून जाणाऱ्या धुराचासुद्धा हेवा वाटला.

आता मुख्य गोष्ट.

एका दुपारी सगळे पडवीत होते. ती प्रत्येकाला विचारत होती की तुमची घरातली जागा कोणती. भावजींची पडवीतल्या खुर्चीमागे, तेलाच्या डागासकट. जावेची स्वयंपाकघराची चौकट, कारण तिथून आत ढवळता येतं आणि बाहेर बोलता येतं. मांजराचीसुद्धा जागा तिने लिहून घेतली. मग माझ्याकडे वळली. “काकी, तुमी खंय बसतास?”

मला चार माणसांत बोलता येत नाही. पण त्या दिवशी कुठून बळ आलं कोण जाणे. मी म्हटलं, “माका बसाक वेळ खंय गावता?”

सगळे हसले. भावजीसुद्धा. जाऊ म्हणाली, हिच्या पायाला भिंगरी आहे. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर घर हसलं होतं. मला फार बरं वाटलं. त्या मुलीने वहीत काहीतरी लिहिलं.

ते खोटं होतं. मी बसत होते. मागच्या दाराच्या उंबऱ्यावर, एक पाय आत, एक पाय बाहेर, डोकं भिंतीला टेकून. सकाळी मासळी साफ करून झाली की, आणि तिन्हीसांजेआधी. तिथून चुलीवरचं उतू जायला लागलं तर दिसतं, विहीर दिसते, माडांच्या मधून खाडीचं थोडं पाणी दिसतं. मी तिथे काही करत नाही. बावीस वर्षांत डोक्याच्या तेलाने तिथे भाकरीएवढा काळा डाग पडला होता. त्याची मला लाज वाटायची. म्हणूनच ती यायच्या आधी मी चुना लावला होता. ज्या एका मुलीला तो डाग वाचता आला असता, तिच्यासाठी मी तो पुसला.

आठवड्याने तिने मोठा कागद आणला. घर वरून कापल्यासारखं काढलं होतं. जिथे जिथे माणूस, तिथे एक छोटा गोल. पडवीत भावजींचा गोल, दांडीला लागून आयेचा, चौकटीत जावेचा. मांजराचा लहानसा, शेपटी काढलेला. मी माझा शोधला. दोनदा शोधला. मागच्या दाराच्या जागी पाहुण्यांचं न्हाणीघर होतं. दार बुजवायचं होतं. पावसाळ्यानंतर दुसऱ्या टप्प्यात.

कोणी विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? मी कधी बसतच नाही हे मी स्वतः सांगितलं होतं. भिंत माझी नव्हे, घर माझ्या नावावर नाही. उंबऱ्यावर बसायची जागा राहू द्या, असं बावीस वर्षं नांदलेल्या बाईने कोणाला म्हणायचं? मांजराला शेपटीसकट गोल होता. मला त्या मुलीचा असा राग आला की तिच्या चहात मी साखर घातली नाही. तिने तो पिऊन टाकला आणि चांगला झाला म्हणाली. तिने साखर सोडली होती म्हणे. माझा सूडसुद्धा असा.

चैत्रात ती पश्चिमेच्या भिंतीचं काम करत होती. सिमेंटचा गिलावा खरवडून मातीचा आणि चुन्याचा दिला होता, म्हणजे खोली थंड राहते. भिंत छान दिसत होती, भाजलेल्या काजूसारख्या रंगाची. भावजी आणि जाऊ बघायला उभे होते. मी गवंड्यांना पाणी घेऊन गेले. तिने समोरच्या माडांकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं, आणि मला विचारलं, “काकी, हंय पाऊस खंयसून येता?”

पाऊस कुठून येतो, हे तिने मला विचारलं. भावजींना नाही, जावेला नाही. कारण दर वर्षी मिरगाच्या आधी घराची पावसाळी तयारी कोण करतं ते तिने कोणाकडून तरी ऐकलं असेल, पण त्यात चुडतं विणायची असतात हे नसेल ऐकलं. चुडतं म्हणजे माडाच्या झावळ्या. त्या विणून पश्चिमेच्या भिंतीला बांधतात, कारण आमच्याकडे आषाढात पाऊस समुद्राकडून आडवा येतो आणि माडांच्या बुंध्यांमधून नेम धरून मारतो. बाजारपेठेत भिंतीला भिंत लागून असते, तिथे वाढलेल्या मुलीला हे कसं कळणार? पुढे एवढे माड आहेत, आडोसा असेल असं तिला वाटलं असणार. त्यातून त्या वर्षी भावजींनी सांगून ठेवलं होतं की पाहुण्यांना चुडतं दाखवायची नाहीत, भिंत उघडी राहू दे.

मला सगळं माहीत होतं. मी घागर खाली ठेवली आणि म्हटलं, “वरसून येता, आनी खंयसून?”

दुसऱ्यांदा घर हसलं. गवंडीही हसले. तीही हसली, आणि वही मिटली.

आषाढात तीन दिवस पावसाने तोंड फिरवलं नाही. चौथ्या दिवशी भिंतीचा गिलावा खाली अंगणात होता, आतले जांभ्याचे चिरे उघडे. न विणलेली चुडतं विहिरीपाशी रचलेली होती, मीच रचलेली. भावजींनी तिला फोन करून बोलावलं आणि पडवीतच सुनावलं. उरलेले पैसे मिळणार नाहीत, भिंत स्वतःच्या खर्चाने करून द्यायची, आणि पुढचं काम करायचं की नाही ते आम्ही बघू. ती भिजून आली होती. तिने कोणावर ढकललं नाही. “माझं चुकलं काका, मी नीट विचारलं नाही,” एवढंच म्हणाली. मी आतून ऐकत होते. मला वाटलं होतं की हे ऐकून बरं वाटेल. मी चुलीवरचं भांडं उगाच उतरवलं आणि पुन्हा चढवलं.

मग ती मागच्या बाजूने भिंत बघायला गेली. बराच वेळ आली नाही म्हणून मी सुपातले तांदूळ घेऊन मागच्या दाराशी गेले. ती माझ्या उंबऱ्यावर बसली होती. पाट नव्हता आणलेला. एक पाय आत, एक पाय बाहेर, आणि थकून डोकं भिंतीला टेकलेलं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती जागाच तशी आहे, माणूस बसला की तसाच बसतो.

मग तिने मान वळवली. पावसाने भिंत ओल धरून होती, आणि तेलावर चुना राहत नाही हे बावीस वर्षं तेल लावणाऱ्या बाईला कळायला हवं होतं. माझा डाग वर आला होता. पुरा, भाकरीएवढा. तिने त्यावर बोट ठेवलं. आवाज बसलेला होता तिचा.

“हंय कोण बसता?”

आजूबाजूला कोणी नव्हतं. हसवायला कोणी नव्हतं.

“मी,” मी म्हटलं.

ती उंबऱ्यावरून उठली. मला बसा म्हणाली. मी बसले नाही, सूप हातात होतं. मग तिने ते सूप माझ्या हातातून घेतलं आणि मी बसले. ती समोर उभी राहून बघत होती, माझे डोळे कुठे जातात ते. आत चुलीकडे, मग विहिरीकडे, मग पाण्याकडे. ओल्या वहीतून कागद काढला, न्हाणीघरावर फुली मारली आणि एक गोल काढला.

तेव्हा सांगायला हवं होतं. पाऊस समुद्राकडून येतो हे मला माहीत होतं, बाये. तोंडापर्यंत आलं होतं. त्याऐवजी मी आत गेले आणि पोह्यांच्या डब्यातले पैसे आणले. सुकी सुंगटं विकून साठवलेले, चार हजार. म्हटलं, भिंतीक लाव. ती नको म्हणाली, मग घेतले, कारण तिच्याकडे गवंड्याला द्यायला खरंच नव्हते. मी दंड म्हणून दिले. तिने उसने म्हणून घेतले. वहीत लिहूनही ठेवले.

पावसाने उघडीप दिल्यावर भिंत पुन्हा झाली. या वेळी तिने मला एकटीला गाठून विचारलं की चुडतं कशी विणायची, आणि माझ्याशेजारी बसून विणली. तिची पहिली चार उसवून मी पुन्हा विणली, हे मात्र आनंदाने सांगते. भावजींना तिने सांगितलं की पाहुणे चुडतांचेच फोटो काढतील. तसंच झालं. न्हाणीघर पूर्वेला गेलं. मागच्या दाराशी तिने चिऱ्याचा बुटका कट्टा बांधला, आणि भिंतीला, बसल्यावर जिथे माझं डोकं येतं तिथे, जुन्या दाराची फणसाची फळी बसवली. म्हणाली, “तेल लागू दे काकी. फणस तेलानंच उजळता.”

आता त्या कट्ट्यावर जाऊ बसते. पाहुणे बसून फोटो काढतात. मला जागा मिळायला थांबावं लागतं. इतकी वर्षं कोणाला नको होती ती जागा. मी काय बोलणार?

पैसे ती पाचशे पाचशे करून द्यायची. कधी महिन्याने, कधी दोन महिन्यांनी. स्कूटर मागच्या बाजूला लावून थेट कट्ट्यावर यायची. मी बिनसाखरेचा चहा द्यायचे. आता तो रागाचा नव्हता. ती तिच्या कामांचं सांगायची, कोणाच्या घरात कुठला डाग सापडला ते. दुसऱ्यांच्या डागांचं ऐकताना मला तिथल्या बायकांचा हेवा वाटायचा. माझ्या मुलीनेसुद्धा मला इतकं कधी सांगितलं नाही. प्रत्येक वेळी ती पाचशेची नोट ठेवायची आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, आज अडीचशेच दे ना. म्हणजे अजून एकदा यावं लागेल. आणि प्रत्येक वेळी ठरवायचे की आज पावसाचं सांगते.

शेवटची ती परवा आली. आरोंद्याला खाडीकाठच्या एका जुन्या घराचं मोठं काम मिळालं आहे, तिकडेच राहणार आहे. खूश होती. मी वाक्य जुळवून ठेवलं होतं, चहा उकळताना दोनदा म्हणूनही पाहिलं. कप ठेवला आणि तोंड उघडलं.

तेवढ्यात तीच म्हणाली, “काकी, आता मी चार माणसांत कोणाक काय इचारणंय नाय. एकट्याक गाठतंय, मग इचारतंय.”

ती माझ्याकडे बघत नव्हती. खाडीच्या पाण्याकडे बघत होती. तिला सगळं माहीत होतं, का ती नुसतं तिच्या कामाचं सांगत होती, ते मला कळलं नाही. अजून कळत नाही. माझं वाक्य जिथल्या तिथे राहिलं.

तिने पाकीट काढलं. मागच्या वेळची चुकलेली नोट धरून या खेपेला दोन होत्या. म्हणाली, मोजून घ्या, झाले सगळे. मी हात पदराला पुसला, दोन्ही नोटा उलटसुलट करून पाहिल्या, जशा काही पन्नास होत्या.

पैसे पुरे होते.